मोठ्या बाईंची रजा

शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत आणि थोरली बहीण त्यांना बारके म्हणे. ही दोन्ही नावं एकाच दिवशी कानावर पडायची वेळ सहसा येत नसे, कारण ताई दुसऱ्या गावी राहायची आणि बाईंचा दिवस शाळेतच उगवून शाळेतच मावळायचा. घर म्हणजे दोन खोल्या, एक गॅलरी आणि शाळेतून आणलेली कागदांची पिशवी ठेवायला एक खुर्ची. नवरा सात वर्षांपूर्वी गेला होता. मूलबाळ नव्हतं. "मला नऊशे मुलं आहेत," असं त्या बक्षीस समारंभात दरवर्षी म्हणायच्या आणि पालक दरवर्षी टाळ्या वाजवायचे.

अकरा वर्षं त्या मुख्याध्यापिका होत्या आणि या अकरा वर्षांत शाळेतला एकही कागद त्यांच्या सहीशिवाय हलला नव्हता. खडूची खोकी किती आली, कुठल्या शिक्षकाने अर्धा दिवस रजा का घेतली, तिसरीच्या वर्गातला पंखा कधीपासून आवाज करतो, सगळं त्यांना पाठ. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी गेट बंद व्हायचं ते त्यांच्या घड्याळाप्रमाणे. जग बदलतंय हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. मुलांच्या हातात फोन आले होते, पालक रविवारीही मेसेज करायचे, नवे शिक्षक दोन वर्षं टिकले तरी पुष्कळ, आणि वरच्या कार्यालयाकडून दर महिन्याला भरायला एक नवा तक्ता यायचा. बाईंचं या सगळ्यावर एकच उत्तर होतं. आणखी लवकर यायचं आणि आणखी उशिरा निघायचं.

या धावपळीत गुडघा मात्र कामातून गेला. चार वर्षं तो कुरकुरत होता, बाई त्याला दटावत होत्या. शेवटी एक दिवस जिन्यात तो असा काही अडकला, की शिपाई मामांनी आणि हेडक्लार्कने मिळून त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा बदलायचा आणि आठ आठवडे शाळेचं नाव काढायचं नाही.

जाण्याआधी बाईंनी दोनशे पानी वहीत एक्केचाळीस सूचना लिहून काढल्या आणि ती वही उपमुख्याध्यापकांच्या हातात ठेवली. हे गणिताचे सर. मुलं त्यांना सावकाश सर म्हणायची, कारण फळ्यावर गणित सोडवताना ते दर ओळीला "सावकाश, सावकाश" म्हणत. मुलांना की स्वतःला, हे कधी कळायचं नाही. बाईंचं त्यांच्याबद्दलचं मत वाईट नव्हतं. मत व्हावं इतका त्यांनी त्यांचा विचारच केला नव्हता.

ऑपरेशन होऊन बाई घरी आल्या त्या दिवशी फोन सतरा वेळा वाजला. हेडक्लार्कला गोल शिक्का सापडत नव्हता. विज्ञानाच्या बाईंना प्रयोगशाळेची दुसरी किल्ली हवी होती. दुपारी सावकाश सरांचा फोन आला. सातवीच्या वर्गाची काच फुटली होती, बसवायला कुणाला बोलवू म्हणून विचारत होते.

"सर, एवढं तुम्हाला कळायला नको का?" बाई म्हणाल्या. "पंचवीस वर्षं झाली ना शाळेत?"

पलीकडे काचा झाडल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "हो बाई. बरोबर आहे तुमचं."

फोन ठेवून बाईंनी उशीला पाठ टेकली आणि ताईला म्हणाल्या, "बघितलंस? पान हलत नाही माझ्याशिवाय."

ताई निवृत्त परिचारिका. मोठ्या इस्पितळात तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा वॉर्डची प्रमुख म्हणून. बहिणीचं दुखणं काढायला म्हणून ती बॅग घेऊन आली होती आणि आल्या आल्या तिने कागदांच्या पिशवीची खुर्ची रिकामी करून त्यावर स्वतः बसायला सुरुवात केली होती. तिने उठून गुडघ्यावरची बर्फाची पिशवी तेवढी बदलली.

दुसऱ्या दिवशी नऊ फोन आले. तिसऱ्या दिवशी चार. मग दोन, मग एक, तोही कुणीतरी चुकून लावलेला. नवव्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन वाजलाच नाही.

"ताई, फोन बघ गं जरा. बिघडलाय बहुतेक."

ताईने आपल्या फोनवरून लावून पाहिला. टेबलावरचा फोन वाजला. "ठणठणीत आहे," ती म्हणाली. "तुझ्या गुडघ्यापेक्षा बरा आहे."

शेवटी बाईंनी स्वतःच शाळेत फोन लावला. शिपाई मामांनी उचलला.

"सगळं ठीक आहे बाई. तुम्ही आराम करा."

"वरच्या कार्यालयाचा तक्ता गेला का?"

"गेला."

"काच?"

"कधीच बसली. तुम्ही आराम करा, बाई."

मामा पूर्वी फोनवर पाच-दहा मिनिटं सहज बोलायचे. आज मागे कुठेतरी लोक हसत होते आणि मामांना तिकडे जायची घाई असावी. बाईंनी फोन पालथा ठेवला आणि गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बराच वेळ बघत बसल्या.

ताई सूप घेऊन आली. बहिणीचा चेहरा तिने लहानपणापासून वाचलेला होता.

"बारके, मी रजेवरून परत जायचे ना, तेव्हा आधी काय बघायचे सांगू? माझ्यासाठी किती कामं अडवून ठेवलीयेत ते. एकही नसलं की मी खूश. पोरी तयार झाल्या म्हणायच्या."

"वॉर्ड वेगळा आणि शाळा वेगळी."

"वेगळं खरं," ताई म्हणाली. "माझ्याकडे चुकलं तर माणूस जायचा."

बाईंनी सूप अर्धं ठेवलं.

चौथ्या आठवड्यात व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. हसतमुख, बोलकी आणि दुखतंय म्हटलं की आणखी वाकवणारी. तिचा मुलगा बाईंच्याच शाळेत नववीत होता. एक दिवस गुडघा नव्वद अंशांपर्यंत नेताना ती म्हणाली, "ते निबंधाचं प्रकरण किती छान हाताळलंत तुम्ही. मला तर वाटलं होतं, आता शाळा सगळ्यांना घरी बसवणार."

बाईंना कुठलं प्रकरण ते माहीत नव्हतं. पण तसं म्हणणार कसं? "हं," त्या म्हणाल्या. "मुलं आहेत. चुकतात."

"चुकतात काय, अठ्ठावीस जणांनी एकच निबंध. फोनला सांगितलं लिही, त्याने लिहिला, यांनी उतरवला. माझ्या चिरंजीवांना आजी नाही, तरी निबंधात आजीचा हात धरून समुद्रावर गेले होते. मग तुम्ही ते ठरवलंत ना, वर्गात बसून हाताने लिहायचं आणि शेजारच्याने तीन प्रश्न विचारायचे. घरी येऊन म्हणाला, आई, मला माझ्याच निबंधाची उत्तरं देता येत नव्हती आधी, आता येतात. आणि पत्र किती साधं होतं. खाली 'सर्व शिक्षक' एवढंच. आवडलं मला."

बाई मान हलवत राहिल्या. गुडघ्यातून कळ आली म्हणून त्यांनी डोळे मिटले, असं फिजिओथेरपिस्टला वाटलं. ती गेल्यावर ताईने विचारलं, "फार दुखलं का गं?" बाई म्हणाल्या, "हो." ते खरंच होतं.

आठ आठवडे संपायच्या आत ताई आपल्या घरी परत गेली. जाताना तिने कागदांची पिशवी पुन्हा खुर्चीवर ठेवली. नंतरचे चार दिवस बाई घरात काठी टेकत या खोलीतून त्या खोलीत फिरत होत्या आणि सोमवार मोजत होत्या.

सोमवारी त्या साडेसातलाच शाळेत हजर झाल्या. त्यांची खोली होती तशीच होती. टेबलावर धूळ नाही, पेनं जागच्या जागी, खुर्ची आत सरकवलेली. आठ आठवड्यांत तिच्यावर कुणी बसलेलं दिसत नव्हतं. सावकाश सरांनी वऱ्हांड्यात, शिक्षकांच्या खोलीबाहेर, एक साधं टेबल टाकून तिथून कारभार चालवला होता. एक्केचाळीस सूचनांची वही त्यांनी परत दिली. सहाव्या सूचनेपर्यंत पेन्सिलीने बरोबरच्या खुणा होत्या. पुढच्या पानांवर एकही खूण नव्हती.

"बाकीच्या?" बाईंनी विचारलं.

"गरज पडली नाही, बाई."

हळूहळू सगळं कळत गेलं. दर बुधवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बैठक भरत होती. शिक्षक, हेडक्लार्क, मामा, दोन पालक आणि वरच्या वर्गातले दोघे. जे काही ठरायचं ते तिथे. गेट आठ-दहाला बंद होत नव्हतं. उशिरा येणाऱ्याने वाचनालयात ठेवलेल्या एका वहीत आपल्या हाताने कारण लिहायचं आणि वर्गात जायचं. अर्ध्या दिवसाची रजा शिक्षक आपसात तास बदलून घेत होते. यातलं काही वाईट होतं असं बाईंना म्हणता येईना. पण कुणीतरी आपल्या घरातलं सगळं सामान आपल्याला न विचारता हलवून ठेवावं, आणि ते जास्त सोयीचं असावं, तसं त्यांना झालं.

त्यांनी कुणाला रागावलं नाही. आवाजही चढवला नाही. दुपारपर्यंत तीन सूचना काढल्या: गेट पूर्वीप्रमाणे, रजेचे अर्ज पूर्वीप्रमाणे, सर्व कागद मुख्याध्यापिकांच्या टेबलावर. वऱ्हांड्यातलं टेबल मामांनी उचलून नेलं. बुधवारी प्रयोगशाळा बंदच राहिली. चित्रकलेच्या सरांनी कुणालातरी सांगितलेलं बाईंच्या कानावर आलं, "आता बाई आल्यात ना, आता बैठक कशाला?"

आठवडाभरात दारासमोर पुन्हा रांग लागली. फोन दिवसाला वीस-वीसदा वाजू लागला. बाई पुन्हा सगळ्यात शेवटी निघू लागल्या. गुडघा सुजला तरी त्यांना बरं वाटत होतं. ताईला त्यांनी फोनवर सांगितलं, "चार दिवस मी नव्हते तर काय पसारा करून ठेवला होता."

"आठ आठवडे," ताई म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी वरच्या कार्यालयाचं एक पत्र शोधताना बाई टेबलावरचा गठ्ठा उपसत होत्या. रजेचे अर्ज, खडूची मागणी, सहलीची परवानगी. त्याच्या खाली एक पातळ निळी वही निघाली आणि तिला लावलेली चिठ्ठी: बाई, कृपया बघावी. खाली चित्रकलेच्या सरांची सही आणि तारीख. दहा दिवसांपूर्वीची.

ती उशिराची वही होती. बाईंनी उभ्यानेच पान उलटलं, मग बसल्या.

पाचवीतल्या कुणीतरी लिहिलं होतं, बाबांनी घड्याळ पुढे केलं नाही. आठवीतली एक मुलगी धाकट्या भावाला पाळणाघरात सोडून येत होती आणि पाळणाघरच आठला उघडत होतं; त्यापुढे सावकाश सरांच्या अक्षरात: पहिला तास माझा आहे, तू आलीस की सुरू करू. एकाने लिहिलं होतं, कारण आठवत नाही, उद्या सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगितलं होतं. मग नववीतल्या एका मुलीचं बारीक, तिरकं अक्षर येऊ लागलं. 'मी गेटपर्यंत आले होते. परत गेले. मग पुन्हा आले.' दोन दिवसांनी: 'आज पण तसंच.' मग: 'आज दुसऱ्या तासाला आले.' समासात चित्रकलेच्या सरांनी लिहिलं होतं: उद्या मी गेटवर उभा असेन. काही बोलणार नाही. तू फक्त माझ्यासोबत चाल. त्यापुढे रोज तिची वेळ होती. आठ चाळीस, आठ तीस, आठ पंचवीस, आठ वीस. शेवटची नोंद शुक्रवारची होती. त्यानंतरच्या सोमवारी बाई कामावर आल्या होत्या. पुढची पानं कोरी होती.

बाईंनी नववीचं हजेरीपत्रक मागवलं. त्या सोमवारपासून त्या मुलीच्या नावापुढे सलग गैरहजेरी होती. चौदा दिवस.

चित्रकलेचे सर आले ते रंगाने माखलेले हात पुसत.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" बाईंनी विचारलं.

"आलो होतो सांगायला. बाहेर सात जण बसले होते. मग माझा तास होता. दुसऱ्या दिवशी परत आलो, तेव्हा नऊ जण होते. म्हणून वही ठेवली."

"तुम्ही गेटवर उभे राहायचं सोडलंत?"

"नाही. आठ-दहापर्यंत उभा राहायचो. नंतर मामा गेट लावून घेतात." सरांनी हातातलं फडकं घडी केलं. "पहिल्या दिवशी आली होती ती. आठ वीसला. पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिली थोडा वेळ. मी बंद गेटच्या आतून हात केला. मग गेली."

शाळा सुटल्यावर बाई बसने त्या मुलीच्या घरी गेल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एकेका पायरीवर काठी, मग चांगला पाय, मग नवा गुडघा. दार तिच्या वडिलांनी उघडलं. ते बसचालक होते. अंगात गणवेश, पायात मोजे, बूट हातात. कामावर निघाले होते.

"मी पहाटे जातो, दुपारी येतो, पुन्हा जातो," ते म्हणाले. "ती शाळेत जाते असंच धरून चाललो होतो."

"शाळेकडून मेसेज आले असतील ना तुम्हाला? गैरहजेरीचे?"

"आले असतील, बाई. शाळेचे रोज पंधरा मेसेज येतात. त्यातला खरा कुठला, हे माझ्यासारख्याला कसं कळणार?"

ती मेसेजची व्यवस्था बाईंनीच बसवून घेतली होती. वडील मुलीकडे एकदा बघून, बूट घालून गेले. जिन्यातून त्यांची पावलं बराच वेळ ऐकू येत होती.

मुलगी खिडकीपाशी उभी होती. उंच, खांदे पुढे झुकलेले. "मला वाटलं तुम्ही अजून आजारी आहात," ती म्हणाली.

"बरी झाले. बसू का? गुडघा बसू दे म्हणतोय."

तिने खुर्ची पुढे केली. बाईंनी विचारायला सुरुवात केली: कुणी त्रास देतं का, अभ्यास जमत नाही का, घरी काही आहे का. दर प्रश्नाला ती मान हलवून नाही म्हणत होती. बाईंचे प्रश्न संपले. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं.

"काहीच झालेलं नाही," मुलगी मग आपणहून म्हणाली. "तेच तर आहे. काही झालं असतं तर सांगितलं असतं. वर्गात शिरले की सगळे बघतात. मग बोलणं थांबतं. मला माहितीये, माझ्याबद्दल नसतं ते. पण थांबतं."

बाई काठीच्या मुठीवर हात फिरवत होत्या. "मी शिक्षकांच्या खोलीत शिरले ना, की असंच होतं," त्या म्हणाल्या. "सगळे गप्प होतात. अकरा वर्षं झाली."

मुलीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. "मग तुम्ही काय करता?"

"मी तिथे जात नाही."

"मग माझं काय चुकलं?" मुलगी म्हणाली, आणि दोघींनाही हसू आलं. ते हसू फार टिकलं नाही, पण त्यानंतर मुलीने पाणी आणून दिलं.

निघताना बाईंनी तिला शाळेत ये असं म्हटलं नाही. एवढंच सांगितलं, की गेट उद्यापासून उघडं राहील आणि सर पूर्वीसारखे उभे असतील. ती हो म्हणाली नाही. जिना उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. बसमध्ये बसल्यावर त्यांना जाणवलं, की शिक्षकांच्या खोलीचं हे त्या आजवर कुणालाच बोलल्या नव्हत्या. ताईलासुद्धा नाही. स्वतःशीही नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी सावकाश सरांना बोलावलं नाही. त्याच त्यांच्याकडे गेल्या. सर रिकाम्या वर्गात फळा पुसत होते.

"एक विचारायचं होतं," बाई बाकावर टेकत म्हणाल्या. "आठ आठवड्यांत तुम्ही मला एकच फोन केलात. का?"

सर फळा पुसत राहिले. कोपरा राहिला होता तोही पुसला. "त्या दिवशी तुम्ही म्हणालात, एवढं कळायला नको का. मी विचार केला. बाईंचं बरोबर आहे. पंचवीस वर्षं झाली. मला कळायला हवं. मग मी शिक्षकांना जाऊन विचारलं, तुम्हाला काय काय कळतं? त्यांना बरंच कळत होतं."

"मी रागावून बोलले होते ते."

"हो, ते समजलं होतं मला," सर म्हणाले.

"परत सुरू करायचं का? बुधवारचं?"

सरांनी डस्टर खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "बाई, एकदा उचलून नेलेलं टेबल परत आणता येतं. लोकांचं तसं नसतं. माझंही नाही. मला वाईट वाटलं होतं. सावकाश जावं लागेल."

"जाऊ या," बाई म्हणाल्या.

गेट उघडं राहू लागलं. रजेचे अर्ज थांबले. शाळेचे मेसेज पंधरावरून दोनावर आले आणि गैरहजेरीचा मेसेज बंद करून वर्गशिक्षक स्वतः फोन करू लागले. बुधवारी प्रयोगशाळेचं दार पुन्हा उघडलं. पहिल्या दिवशी बाई आत गेल्या तेव्हा बोलणं चाकूने कापल्यासारखं थांबलं. हेडक्लार्क उठून आपली खुर्ची देऊ लागले. बाईंनी ती नाकारली आणि मुलांच्या एका उंच स्टुलावर बसल्या. गुडघ्याला ते मुळीच सोयीचं नव्हतं. "मी आज काही ठरवायला आलेली नाही," त्या म्हणाल्या. यावर कुणाचा विश्वास बसला नाही, आणि बसावा असं अकरा वर्षांत त्यांनी काही केलंही नव्हतं. वीस मिनिटांत बैठक आटोपली. दुसरी तशीच गेली. तिसऱ्या वेळी दोन पालक आणि दोघं मुलं तेवढी बोलली.

चौथ्या बुधवारी बाईंनी स्वतःचा एक प्रस्ताव मांडला. मुलांचे फोन गेटवरच एका पेटीत जमा करून घ्यायचे, सुटताना परत द्यायचे. त्यांनी तो घरी लिहून, नीट मुद्दे काढून आणला होता. वाचून झाल्यावर विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "मला हे पटत नाही." त्यांचा आवाज किंचित थरथरत होता. "आत्ता कुठे मुलं आपल्याला येऊन दाखवायला लागलीत, बाई, हे मी लिहिलं आणि हे फोनने लिहिलं. पेटी ठेवली की दाखवणं बंद होईल. लिहिणं बंद होणार नाही."

"परीक्षेच्या दिवसांत तरी?" बाईंनी विचारलं.

"परीक्षेत आपण तसेही घेतोच."

बराच वेळ वाद झाला. खरा वाद, लोक एकमेकांचं बोलणं तोडत होते. शेवटी हात वर करून मतं घेतली. प्रस्तावाच्या बाजूने दोन हात वर झाले, एक बाईंचा आणि एक शिपाई मामांचा. विरोधात अकरा.

पायऱ्या उतरताना मामा बाईंसोबत होते. "तुम्हाला पटलं होतं का हो पेटीचं?" बाईंनी विचारलं.

"नाही," मामा म्हणाले. "पण एकट्याचाच हात वर दिसला असता तुमचा. बरं नसतं दिसलं."

घरी येऊन बाईंनी ताईला फोन लावला. तिने उचलला नाही. बाहेर गेली असावी. त्यांनी चहा केला, प्रस्तावाचा कागद एकदा वाचला. चांगला लिहिला होता. त्यांना वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी विज्ञानाच्या बाईंचा तो थरथरता आवाज सारखा आठवत होता. अकरा वर्षांत त्या पहिल्यांदा नाही म्हणाल्या होत्या. हे कुणालातरी सांगावंसं वाटत होतं, आणि ज्यांना सांगितलं असतं ते सगळे आता आपापल्या घरी, बैठकीत काय झालं ते सांगत असणार.

नववीतली मुलगी आठवडाभराने आली. मग दोन दिवस नाही, मग तीन दिवस सलग. अजूनही तिचं असंच चाललंय. वर्गात ती दाराजवळच्या बाकावर बसते. बाई समोर आल्या तर मान हलवते, बोलत नाही.

बाईंच्या दारासमोर आता रांग नसते. सकाळची कामं दहापर्यंत उरकतात आणि मग मधल्या सुट्टीपर्यंत वेळ मोकळा असतो. हा वेळ कसा घालवायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, शिकावं लागलं. त्या वर्गांच्या मागे जाऊन उभ्या राहू लागल्या. आधी शिक्षक थांबायचे, आता थांबत नाहीत. वाचनालयात चौथीतल्या पाच मुलांना त्या रोज अर्धा तास वाचायला बसवतात. आणि मधल्या सुट्टीत त्या शिक्षकांच्या खोलीत जातात.

पहिले कित्येक दिवस तिथे फक्त चमच्यांचा आवाज व्हायचा. बाई आपला कप घेऊन खिडकीजवळ बसायच्या, दहा मिनिटं काढायच्या आणि उठायच्या. कुणी वाईट वागत नव्हतं. कुणी साखर पुढे करी, कुणी गुडघ्याची चौकशी करी. मग पुन्हा शांतता. एकदा त्यांच्या मनात आलं, आपण येतो म्हणून या लोकांची सुट्टी वाया जाते, उद्यापासून येऊ नये. तरी दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

मग एका मंगळवारी भाषेच्या बाई आपल्या जावेच्या कपडे धुवायच्या मशीनची गोष्ट सांगत होत्या, ते मशीन म्हणे कपडे पिळताना चालत चालत स्वयंपाकघरात येतं. बाई आत आल्या. भाषेच्या बाई क्षणभर अडखळल्या, आणि पुढे सांगू लागल्या. "जाऊ म्हणते, वहिनी, हे माझ्या मागेच येतंय, मी कुठे जाऊ?" सगळे हसले. चित्रकलेचे सर उठून ते मशीन कसं चालत असेल ते करून दाखवू लागले. सावकाश सर म्हणाले, "सावकाश, कप फुटतील." बाईंकडे कुणी बघत नव्हतं. त्या गोष्टीत त्यांना काही म्हणायचं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. त्या खिडकीपाशी बसून ऐकत होत्या.

घंटा झाली. खुर्च्या सरकल्या, वह्यांचे गठ्ठे उचलले गेले, सगळे बोलत बोलतच आपापल्या तासाला निघाले. बाईंना तास नव्हता. वऱ्हांड्यातले आवाज एकेका वर्गात शिरून बंद होईपर्यंत त्या बसून राहिल्या. मग उठल्या, टेबलावर राहिलेले कप गोळा केले आणि नळाखाली एकेक विसळून पालथे घातले.